सुपरवायझरचे हात

आमच्या सहकारी साखर कारखान्यात तो फिटर होता आणि मी वजनकाट्यावर. दुष्काळात ऊस घटला, माणसं कमी केली, उरलेल्यांना दोन-दोन पाळ्या करायला लावल्या. नेमकं तेव्हाच त्याला सुपरवायझर केलं. केबिन मिळाली, खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. काम मात्र तेच राहिलं, पाना घेऊन ऊस पिळायच्या चरकाखाली आडवं व्हायचं. फरक एवढाच, की फिटरला ओव्हरटाइम मिळतो, नुसती देखरेख करणाऱ्याला नाही.

पण त्याला त्या पाटीचं लई अप्रूप. वडवणीच्या बाजारात कुणी ‘मिस्त्री’ म्हणून हाक मारली, तर वळूनही बघायचा नाही.

एकदा सरकारी कामगार अधिकारी तपासणीला आले. मला वाटलं, याचे काळेकुट्ट हात बघितले की साहेबच याला ओव्हरटाइम मिळवून देतील. पाण्याची एवढी टंचाई, की आम्ही सगळे हात चिंध्यांनीच पुसायचो. यानं मात्र घरून आणलेलं प्यायचं पाणी हातांवर ओतलं, नखं घासली आणि खुर्चीत जाऊन बसला.

“तुम्ही स्वतः मशिनला हात लावता का?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“न्हाई साहेब. मी फकस्त बघतो. कामाला मान्सं हायेत की.”

साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली आणि चरक अडकला. हा सवयीनं पाना घेऊन खाली शिरला. बाहेर आला तेव्हा ओठ सुकले होते.

“घोटभर पानी हाय का रं?”

मी बाटली दिली. ती धरलेले हात पुन्हा कोपरापर्यंत काळे होते, आणि बघायला फक्त मी होतो.