भिंतीची बातमी

टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना हॅलोबाई म्हणायची. निवृत्तीनंतर घर खायला उठलं. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा दूरच्या शहरात. त्याच सुमारास जवळच्या लाँड्रीच्या माडीवर, दोन खोल्यांत, वस्तीचं साप्ताहिक सुरू झालं. त्याला ना मालक, ना जाहिराती. वाचकांच्या देणग्यांवर चालायचं. संपादक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर. हॅलोबाई तिथे बातम्या लिहायला जाऊ लागल्या, तेव्हा मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ऐकलेलं लिहायचं नाही. जाऊन बघायचं, मग लिहायचं."

बाईंना ते मानवलं. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि आपण बाजूला झाल्या. आता कुठे थांबून ऐकायची मुभा मिळाली होती.

त्यांच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शिंपीणबाई राहायच्या. एकटं माणूस, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. दोघींचा दुपारचा चहा वीस वर्षांत क्वचितच चुकला असेल. एका दुपारी शिंपीणबाईंनी कपाट ओढून मागची भिंत दाखवली.

"हे बघ. गेल्या वर्षी या भेगेत सुई जायची, आता कात्री जाते."

हॅलोबाई उठल्या ते थेट कामालाच लागल्या. बावीसच्या बावीस घरं पाहिली. रहिवाशांनी पालिकेला पाठवलेली आणि उत्तर न आलेली तीन पत्रं मिळवली. एका इंजिनियरला हातापाया पडून आणलं. खांब बघून त्याने इमारत धोक्याची असल्याचं लिहून दिलं. तीन आठवडे मास्तरांनी एकेक ओळ तपासली आणि बातमी पहिल्या पानावर आली. अक्षरही खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी पालिकेची माणसं नोटीस घेऊन आली. अठ्ठेचाळीस तासांत इमारत रिकामी करा.

शिलाईचं यंत्र चौघांनी खाली उतरवलं, तेव्हा हॅलोबाई रस्त्यात उभ्या होत्या. शिंपीणबाई ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या उंच इमारतींत तात्पुरत्या खोल्या मिळाल्या. घरमालक मात्र माडीवर येऊन मास्तरांचे आभार मानून गेला. भाडेकरू निघावेत म्हणून तो कितीतरी वर्षं टपून बसला होता. त्या दिवशी मास्तरांनी डबा उघडला नाही.

हॅलोबाई दर रविवारी दोन बस बदलून मैत्रिणीकडे जायच्या. नवव्या मजल्यावरची खोली. यंत्र खिडकीशी, त्यावर चादर. गिऱ्हाइकं सगळी जुन्या गल्लीत राहिलेली. ब्लाउजसाठी इतक्या लांब कोण येणार? लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद आणि गुडघे सातही दिवस.

महिनाभर दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. मग एकदा हॅलोबाईंना राहवलं नाही.

"माझ्यावर राग आहे ना तुझा?"

"तू काय खोटं लिहिलंस?"

"तुला विचारूनच लिहिलं होतं मी."

"भिंतीचं विचारलंस," शिंपीणबाई म्हणाल्या. "घर सुटलं तर जगशील का, ते नाही विचारलंस."

 शिंपीणबाईंनी कप पुढे सरकवला. "पी. गार होतोय."

सोमवारी हॅलोबाई मास्तरांसमोर जाऊन बसल्या. "बावीस कुटुंबं आता कुठे, कशी आहेत, ते लिहायचंय."

"बाई, आपण या वस्तीचं छापतो. तो भाग आपला नाही."

"माणसं तर आपलीच होती ना?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग होकाराची मान हलवली.

चार महिने लागले. एकोणीस कुटुंबं सापडली. तिघांचा पत्ताच लागला नाही. कुणाची नोकरी सुटली होती, कुणाच्या मुलीची शाळा. लेखाचं पहिलं वाक्य हॅलोबाईंनी स्वतः लिहिलं : ही इमारत आमच्या बातमीमुळे रिकामी झाली. मास्तरांनी त्याला हात लावला नाही.

छापण्याआधी त्या मजकूर घेऊन नवव्या मजल्यावर गेल्या. शिंपीणबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं.

"हे 'हसतमुख' काढ. मी कधी हसतमुख होते गं?"

"आणि बाकीचं?"

"बाकीचं राहू दे."

तेवढंच. माफ केलं की नाही, ते त्या कधीच बोलल्या नाहीत.

लेख आला. पालिकेने खुलासा पाठवला, त्यात परत जाण्याची तारीख नव्हती. जुनी इमारत कुलूप लावून तशीच उभी. ती पडलीच नाही, म्हणून गल्लीतले काहीजण हॅलोबाईंना बघून रस्ता ओलांडायचे.

दोन महिन्यांनी एका सकाळी तिथल्या रखवालदाराचा फोन आला; रविवारी येता-जाता बाईंनी त्याच्याकडे आपला नंबर देऊन ठेवला होता. शिंपीणबाई झोपेतच गेल्या होत्या. हॅलोबाई पोहोचल्या तेव्हा लिफ्ट बंद होती. नऊ मजले चढून गेल्या. खोलीत शेजारपाजारची पाच-सहा माणसं उभी होती. त्यांना मयताचं नावही ठाऊक नव्हतं, 'नऊशे चारच्या बाई' म्हणत होती.

एका तरुण बाईने दारातच विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

हॅलोबाईंनी दाराची चौकट धरली. धाप लागली होती.

"मी त्यांच्या समोर राहायचे," त्या शेवटी म्हणाल्या.

तरुण बाईने यंत्रापाशी ठेवलेलं स्टूल ओढून त्यांच्यापुढे ठेवलं.