पानिपतच्या अकरा फेऱ्या

रोज सकाळी चहाचा कप शांतारामांच्या पुढ्यात ठेवला, की चंद्रप्रभाबाई त्यांच्या सदऱ्याची बाही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायच्या, किंचित चोळायच्या आणि मान कलती करायच्या. जणू कापड कानात काही सांगणार होतं. मग म्हणायच्या, "मिलचं आहे. जीव नाही यात."

शांताराम बाही सोडवून घ्यायचे आणि चहा प्यायचे.

बाहीवर भागायचं नाही. लिफ्टमधल्या अनोळखी बाईचा दुपट्टा, गार्डचा गणवेश, बँकेतला पडदा, काहीही त्या चिमटीतून सुटायचं नाही. गुरुग्रामच्या त्या एकवीस मजली टॉवरमध्ये शेजारी एकमेकांशी नजरही मिळवत नाहीत, आणि ही साठी ओलांडलेली मराठी बाई सरळ ओढणीला हात घालायची. वर सांगायची, "बहनजी, रंग जाएगा इसका."

हे सगळं घरात हातमाग आला तेव्हापासूनचं. त्याआधी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत असताना बाईंचं मत अगदी पक्कं होतं. फुकट असेल तर छंद, नाहीतर उधळपट्टी. एक्क्याण्णव साली शांतारामांनी एक कॅमेरा आणला होता. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये तो जेमतेम आठ महिने टिकला. "बावीसशे रुपये? झाडांचे फोटो काढायला? झाडं खिडकीतून दिसतात की!" शेवटी कॅमेरा पंधराशेला विकला गेला. शांतारामांनी मग चालण्याचा छंद लावून घेतला, आणि बूट झिजतात म्हणून त्यावरूनही अधूनमधून बोलणी खाल्ली.

आणि दोन वर्षांपूर्वी बाईंचाच पाय घसरला. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये विणकामाचं तासाभराचं प्रात्यक्षिक होतं. फुकट होतं म्हणून त्या गेल्या. शिकवणाऱ्या मुलीनं त्यांच्या हातात धोटा दिला. उभ्या धाग्यांच्या मधून आडवा धागा इकडून तिकडे गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि बोटभर रुंदीचं कापड तयार झालं. आयुष्यभर फायली पुढे सरकवलेल्या हातांतून पहिल्यांदाच काहीतरी तयार होऊन समोर थांबलं होतं. बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मग छोटी लाकडी चौकट आली. मग दक्षिण दिल्लीतला क्लास लागला. क्लासमध्ये कळलं की चौकटीवर रुमाल होतो. पंचा हवा तर माग हवा. माग आला बासष्ट हजारांना. शांतारामांना सांगितलं, आठ हजार. "एका बाईंचा जुना होता हो, त्यांच्याकडे जागा नव्हती." खालच्या मजल्यावरून खटखटीची तक्रार आली म्हणून मागाखाली जाड रबरी गादी आली. बसून बसून पाठ धरली, म्हणून फिजिओथेरपिस्ट आली. तीसुद्धा "ओळखीतली, पैसेच घेत नाही."

खरं फक्त सुनेला, मयुराला माहीत होतं, कारण पैसे तिच्या फोनवरून जायचे.

"आई, सांगून टाका ना यार बाबांना. ते काय खाणार आहेत तुम्हाला?"

"तुला काय जातंय सांगायला! तीस वर्षं त्या माणसाला उधळ्या म्हटलंय मी. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

प्रश्न सुताचा होता. चांगलं सूत पानिपतच्या बाजारात मिळायचं आणि बोटांना कळल्याशिवाय घ्यायचं नाही, असा बाईंचा नियम. घरी पार्सल मागवायची सोय नव्हती. दिवसभर घरी असणारे शांताराम प्रत्येक डबा स्वतः उघडायचे आणि आतलं बिलही वाचायचे. मग दोन-अडीच तासांच्या रस्त्यावरल्या पानिपतला जायचं कशाच्या निमित्तानं?

निमित्त आपल्या पायांनी चालत आलं. महाराष्ट्रातून दिल्लीला आलेल्या माणसाला पानिपत दाखवलं, तर कोण काय म्हणणार? कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात ओळखीचं कोणी ना कोणी उतरलेलं असायचंच. बाई सकाळी कॅब घेऊन दारात हजर. मावसबहीण वैभवीला आग्रा बघायचं होतं. तिला सांगितलं, "ताज कुठे पळून जातोय? आधी आपल्या माणसांना हात जोडून ये." वाटेत मुरथलला पराठे, मग रणभूमीवरच्या स्मारकापाशी पाहुण्यांना सोडायचं. "तुम्ही शांतपणे बसा. मला सहन होत नाही," असं म्हणून बाई पदर तोंडाशी नेत ई-रिक्षात बसायच्या आणि थेट बाजार गाठायच्या. तासाभरानं परतायच्या त्या फुगलेली पिशवी घेऊन. "चादरी घेतल्या," असं सांगायच्या.

नणंद अलकनंदा जूनच्या चव्वेचाळीस डिग्रीत जाऊन आली. संध्याकाळी पन्हं पिता पिता ती भावाला म्हणाली, "दादा, वहिनीला इतिहासाचं एवढं वेड कधीपासून? रडवेली झाली रे ती तिथे!"

शांतारामांची छाती फुगली. त्यांनी ते मराठी मंडळात चार जणांना सांगितलं. चारांचे चाळीस व्हायला वेळ लागला नाही. डिसेंबरात मंडळाचे सचिव अशोकराव यांचा फोन आला. चौदा जानेवारीला, लढाईच्या स्मृतिदिनी, यंदा वहिनींचंच व्याख्यान.

"माझं?" बाई किंचाळल्या.

"अकरा वेळा जाऊन आलीस," शांताराम कौतुकानं म्हणाले. "दिल्लीत दुसरं कोण आहे असं? मी हो सांगून टाकलंय."

बाईंनी महिनाभर वाचलं. कोणाची फौज नदीच्या अलीकडे आणि कोणाची पलीकडे, यात त्यांचा रोज गुंता व्हायचा. धाग्यांचा गुंता त्या चुटकीसरशी सोडवायच्या. हा काही सुटेना.

चौदा तारखेला सभागृहात पन्नासेक माणसं होती. पहिल्या रांगेत कोट घालून शांताराम, तिसऱ्या रांगेत मयुरा. बाई टेबलामागे उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य पाठ होतं. पण हात सवयीनं टेबलावरच्या कापडाकडे गेला, चिमटीनं कडा धरली, आणि वाक्य उडून गेलं.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "हे कापड पानिपतचं आहे. दुहेरी सूत, हातमागाचं. मला एवढंच सांगता येईल. लढाईतलं मला ओ की ठो कळत नाही."

कोणीतरी खोकलं.

"अकरा वेळा गेले ती सुतासाठी. पाहुण्यांना स्मारकापाशी सोडायचे आणि बाजारात जायचे. माझी नणंद डोळे पुसत होती, तेव्हा मी दोन किलो सूत तोलून घेत होते. घरी खोटं सांगितलं. झालं माझं भाषण."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. अशोकराव आभाराचा कागद शोधत असताना पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. शांताराम उठून उभे राहिले.

"एक शंका आहे. मागावर आतापर्यंत चार पंचे झालेत. तर एक पंचा साधारण कितीला पडला?"

आठ हजारांचा माग धरून सांगायची अजून संधी होती. बाईंनी मयुराकडे पाहिलं. तिनं ओढणीत तोंड लपवलं होतं. बाईंनी कापडाची कडा सोडली.

"चाळीस हजारांना," त्या म्हणाल्या. "त्यातला एक वाकडा झालाय. तो पस्तीसला धरा."

सत्काराची शाल खांद्यावर पडली, तेव्हाही त्यांची बोटं तिच्या टोकाशी गेलीच. पण त्या काही बोलल्या नाहीत. यजमानांचा मान असतो.

परतताना धौला कुआंच्या गर्दीत कॅब अडकली. मयुरा पुढे, नवरा-बायको मागे. 

"बोला," अखेर बाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोलून घ्या. माझी तयारी आहे."

शांताराम खिडकीबाहेर बघत होते. "तो कॅमेरा आठवतो?"

"आठवतो. बावीसशेचा."

"चार हजारांचा होता. तुला बावीसशे सांगितलं होतं."

बाईंनी सावकाश मान वळवली. तीस वर्षं ज्या माणसाला आपण वरचढपणे ऐकवत आलो, तो कोटाचं बटण चाळवत बसला होता.

"विकला तेव्हा मी म्हटलं, सातशेच बुडाले," त्या पुटपुटल्या.

"हो. तुझं समाधान बघून मला बरं वाटलं."

पुढच्या सीटवर मयुराचे खांदे गदागदा हलत होते. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "सब ठीक है न, मैडम?"

"बिल्कुल," मयुरा कशीबशी म्हणाली.

ते चार पंचे कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत घडी करून ठेवलेले असायचे. त्यांनी अंग पुसायची कोणाला परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः एक काढला आणि न्हाणीघराच्या दारातून शांतारामांना आत दिला. "वाकडा आहे, पण पाणी छान टिपतो."

त्या चहा घेऊन खोलीत आल्या, तेव्हा शांताराम आरशासमोर भांग पाडत होते आणि पंचा पलंगावर पडला होता, चाळीस वर्षं प्रत्येक पंचा पडत आला तसा. बाईंनी कप ठेवला. आज त्यांचा हात बाहीकडे गेला नाही. त्यांनी पंच्याचं ओलं टोक चिमटीत धरलं, किंचित चोळलं आणि मान कलती केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ओला पंचा गादीवर टाकू नका."