तारे आणि तारा

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, नवे तारे किती दिवसांनी होतात?" पुस्तकात उत्तर नव्हतं. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी आमच्या माळावर या, तारे जन्मतात ती जागाच दाखवते. थंडीचे दिवस, मृग पूर्वेला वर आलेला असतो. त्याच्या बाणाखालचा धूसर ठिपका म्हणजे ती जागा. साध्या डोळ्यांनी दिसतो, फक्त अंधार हवा. पनवेलकडचा उजेड माथेरानचा डोंगर अडवतो, त्यामुळे माळावर तेवढा अंधार अजून उरला होता.

घरी हेच सांगत होते. शेजारचा चुलतभाऊ चहाला आला होता. "नवे तारे सारखे होतच असतात, दादा."

"तारा? त्या काय गं, आपल्याकडं रोज नव्या ओढतात."

कुंपणाच्या तारा. सगळे हसले, मीही हसले. जमिनींचे सौदे करणाऱ्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार?

शनिवारी मुलांना घेऊन गेले, तर माळाला काटेरी तारेचं कुंपण आणि खांबावर हॅलोजन. फाटकावर गावातलाच वॉचमन. "बाई, आत नाय जाता येनार. दादांनी इकला ना माळ. तुमाला ठाव नाय?"

अंगाचा तिळपापड झाला. माळ त्याच्या नावावर, मान्य. विकायचा हक्क त्याचा, तेही मान्य. पण माझ्या हातचा चहा पीत, सगळं माहीत असताना, हा माणूस विनोद करून गेला. मुलं शनिवारी येणार हे ऐकूनही तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"पाच मिनिटं दिवा तरी बंद करा," मी वॉचमनला म्हटलं.

"मालकाला इचारावं लागंल." मालक मुंबईत, त्याचा फोन लागेना. त्या झगझगाटात मृगसुद्धा धड दिसेना, ठिपका तर लांबच.

परतताना त्या मुलीने पुन्हा तेच विचारलं. सांगितलं, आपल्या आकाशगंगेत वर्षाला मोजकेच होतात, पण सगळ्या विश्वात सेकंदाला हजारो.

"आनि आमाला एक नाय दिसला," ती म्हणाली. मुलांना घरोघरी सोडून मी परतले.

दादा ओट्यावर बसला होता. "दिसले का गं तारे?"

"दिसल्या," मी म्हणाले.