उपवासकाळातली फुलं

राजापेठेत मनकर्णेचं दुकान म्हणजे एक लाकडी बाकडं, वर ताडपत्री आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेली फुलं. फुलं घरच्या वावरातली, गुंफणारे हात तिचे, आणि दिवसभर बंद न होणारं तोंडही तिचंच. हार कोणासाठी, कशासाठी, पोरगी कुठं दिली, हे सगळं विचारून घेतल्याशिवाय ती दोरा तोडत नसे. गिऱ्हाइकं वैतागत. ती विचारतच राही.

तिला पुरून उरणारी बाई एकच, फिलोमिना टीचर. शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चची वेदी सजवण्याचं काम त्यांच्याकडे. दर शनिवारी मनकर्णा निशिगंध आणि पांढरी शेवंती घेऊन चर्चच्या मागच्या दाराशी जाई आणि फुलांसोबत दोन-चार प्रश्नही टाकून येई. टीचर न चिडता एकेकाचं उत्तर देत.

तीन वर्षांमागे, चर्चला फुलं द्यायला लागल्यावरच्या पहिल्याच फेब्रुवारीत, टीचरनी तिला भरल्या टोपलीसकट दारातूनच परत पाठवलं. "तुला सांगायचं राहूनच गेलं गं. उपवासकाळ लागला. आता चाळीस दिवस फुलं नाहीत."

"उपास देवाचा, अन् देवालेच फुलं बंद? आमच्यात उपासाले दुप्पट लागते."

"येशूच्या दुःखाचे दिवस आहेत हे. दुःखात कोणी घर सजवतं का?"

हे मात्र तिला एकदम पटलं. सुतकाच्या घरी आपण गजरा माळून गेलो, असं वाटून ती रस्ताभर ओशाळली. पुन्हा अशी चूक करायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

प्रश्न मात्र संपले नाहीत. "पोळी खाता, वरण-भात खाता, नुसतं मटण सोडता. हा कोनता उपास व टीचर? माह्या सासूनं तुमाले घराबाहेर काढलं असतं."

टीचर हसल्या. "आणि तू साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, वर दोन केळी. कोणाचा उपास मोठा, तूच सांग."



यंदा नाताळानंतर टीचरनी अंथरूण धरलं. पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मुलगी साधना पुण्याहून रजा काढून आली. उपवासकाळ लागतो त्या राखेच्या बुधवारी फादर घरी येऊन टीचरच्या कपाळाला राख लावून गेले आणि थोड्याच वेळात मनकर्णा दुकान सुनेवर सोपवून पोचली.

"अंगारा तुमच्यातबी असते?"

"अंगाऱ्याने बरं वाटतं म्हणतात ना? ही राख आठवण देते, की आपण माती आहोत, मातीतच जायचंय."

"आजारी मानसाले असं कोनी सांगते काय?"

"धडधाकट माणसालाही सांगतात, मनकर्णा." मग जरा दम घेऊन त्या म्हणाल्या, "या दिवसांत आवडीचं काहीतरी सोडतात. मला आता सोडायला काही उरलं नाही."

मनकर्णेने त्या दिवसापासून चहा सोडला. सहा-सात कप पिणारी बाई, डोकं ठणकायचं, सुनेवर खेकसायची, पण कारण कोणाला सांगितलं नाही. टीचर उठून बसतील असं तिला खरंच वाटत होतं. भोळेपणा म्हणा हवं तर. टीचरवर तेवढा जीव गावात दुसऱ्या कोणी टाकला नव्हता.

ईस्टरला बारा दिवस असताना, मंगळवारी सकाळी, टीचर गेल्या. साधनाचा फोन आला तेव्हा समोर निशिगंधाचा ढीग होता. मनकर्णा रडत रडत फुलांची चादर गुंफायला बसली. अर्धी झाली आणि हात थांबला. चाळीस दिवस अजून सरले नव्हते. शनिवारीच तिने चर्चमध्ये डोकावून पाहिलं होतं. मूर्तींवर जांभळं कापड, वेदी फुलांविना उघडी. अशात फुलं नेली तर टीचरचंच हसं. सून म्हणाली, "न्या न आत्याबाई, काहून ठेवता?" मनकर्णेने तिला गप्प केलं, चादर गोणपाटाखाली सारली, हात धुतले आणि दुपारच्या अंत्यविधीला तशीच निघाली.

चर्चमध्ये शवपेटी उघडीच होती. कडेने गुलाब, शेवंती, जरबेराची पुष्पचक्रं. शाळेच्या मुलींपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी फुलं आणली होती. फक्त टीचरच्या छातीवर काही नव्हतं.

साधना उठून जवळ आली. "मावशी, उशीर झाला का? आईने सांगून ठेवलं होतं, अंगावरची फुलं मनकर्णेच्या हातची. म्हणून तेवढी जागा आम्ही कोणाला भरू दिली नाही."

मनकर्णेने आपल्या हातांकडे पाहिलं. "उपासकाळ हाय न," ती कशीबशी म्हणाली. "म्हून नाई आनली."

"अहो, ते वेदीपुरतं असतं. माणसाला चालतात फुलं." साधनाला रडू फुटलं. "कोणाला तरी विचारायचं, मावशी."

तेवढ्यात चार जण पुढे आले आणि झाकण बसवू लागले.

"मी सगळं टीचरलेच विचारत होती," मनकर्णा म्हणाली. "दुसऱ्या कोनाले विचाराची सवय नाई मले."