नळीतला दोरा

रंग द्यायचा म्हणून दादाने आपल्या सायकलची फ्रेम मोकळी केली होती. फ्रेमच्या नळीतून जाणारी गिअरची जुनी केबल ओढून काढण्याआधी त्याने तिच्या टोकाला दोरा बांधला. केबल बाहेर आली आणि दोरा नळीत राहिला. नवी केबल त्याच दोऱ्याला बांधून ओढली, की ती बरोबर खालच्या भोकातून बाहेर येते. रंग वाळला, पण केबल घालायला दादाच राहिला नाही.

सायकल मी पुरी करायला घेतली, तर दोरा गायब. आईला विचारलं.

"अरे, आत धागा फंसला होता. ओढून सुक्या कचऱ्यात टाकला. कचरागाडी घेऊन पण गेली."

इंदूरच्या बाईच्या नजरेसमोर दोरा लोंबत ठेवायचाच नसतो! आग लागो या शहराच्या सफाईला, असं अगदी ओठांवर आलं. पण दादा गेल्यापासून ती दिवसभर काही ना काही पुसतच असते. मी नवी केबल उचलली.

केबल नुसतीच आत ढकलत राहिलो. ती भोकापर्यंत यायची आणि बाजूने निसटून आत खरखरत राहायची. चुंबक लावला, टोक वाकवलं, बोटं सोलली. आई शेजारी टॉर्च धरून बसली होती.

"दादा तर चुटकीत करायचा रे," ती म्हणाली. "तुला का नाही जमत?"

"त्याचा हातच वेगळा होता," मी म्हणालो, आणि केबल पुन्हा आत घातली.