लोखंडी जहाजातले आगवाले

बारामतीतल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. मागं आमच्या प्रदर्शनासाठी मी मुंबई बंदरातल्या चिलखती जहाजांवर फलक केले. लाकडी जहाजांचे दिवस सरत आले, तेव्हा इंग्रजांनी मुंबईच्या राखणीला ही जहाजं आणून ठेवली होती. अंगावर जाड लोखंडी पत्रे, फिरत्या बुरुजात तोफा, सगळा जोर वाफेवर. शत्रू कधी आलाच नाही. जहाजं बंदरात उभ्या उभ्या म्हातारी झाली आणि भंगारात गेली.

शेवटचा फलक असल्या जहाजांच्या पोटातल्या भट्ट्यांत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांचा होता. तो करताना डोळ्यांपुढं आबा होते. माझ्या वडिलांची सारी नोकरी सोमेश्वरनगरला, साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. मी बोलावलं म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं आले.

हॉलमध्ये तो फलक नव्हताच. त्या जागी जळत्या जहाजांचं भलंमोठं चित्र, आणि खाली ‘शत्रूच्या आरमाराचा धुव्वा उडवणारी मुंबईची जहाजं’. त्याखाली माझं नाव.

आबांनी चष्मा पुसून पुन्हा एक फेरी मारली. “आगवाल्यांचं कुठं हाय गं?”

मी संस्थेच्या सचिवांना गाठलं. ते हसले. “मॅडम, कोळसा नि घाम कोण बघतं? लढाई पाहिजे. पाहुणे यायचेत.”

“लढाई झालीच नाही, सर.”

“कोण तपासायला बसलंय?”

माझ्या कानशिलांत जाळ झाला. खुर्ची ओढली, वर चढले आणि ते चित्र ओढून काढलं. गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. “खोटं लावायचं तर तुमच्या नावानं लावा.” मग रिकाम्या बोर्डाशी उभी राहून प्रदर्शन बघायला आलेल्या मुलींना त्या भट्ट्यांविषयी सांगितलं. एकीनं आबांना विचारलं, बॉयलरपुढं कसं वाटतं?

“अंग भाजतं,” आबा म्हणाले. “पन वाफ उतरू द्यायची न्हाय.”

पुढच्या वर्षी प्रदर्शन माझ्याकडून काढून घेतलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण त्या दिवशी स्टँडवर गाडीत चढताना आबा म्हणाले होते, “कशाला भांडलीस? आमचं काय लावायचं असतं व्हय भिंतीवर?”

सचिवांपेक्षा मला त्या बोलण्याचा राग आला. हे आबांच्या डोक्यात ज्यांनी घातलं, त्यांचा. तो राग अजून गेलेला नाही.