कडूबाची तीनचाकी

शेंद्र्याच्या कडूबाला राग कशाचा येतो, हे विचारण्यापेक्षा कशाचा येत नाही ते विचारलं तर उत्तर लवकर मिळालं असतं. चहा गार आला की राग. पाहुण्यानं 'थोडंच वाढा' म्हटलं की राग. एसटी वेळेवर आली तरी राग, कारण मग तिला शिव्या देता येत नसत. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती त्याची रोज जायची. पुढं डावा पाय गुडघ्याखाली गेला, एकच तळपाय राहिला, पण आग काही निम्मी झाली नाही.

पाय जालना रोडवर गेला. कडूबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर कामाला होता, पाळी संपवून बुलेटवर घरी येत होता, आणि मागून टँकरनं उडवलं. टँकरवाला थांबलासुद्धा नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर कडूबानं आधी बायकोला, सरूबाईला, बुलेटचं विचारलं. गाडीला थोडे पोचे आलेत, बाकी नीट हाय, असं ती म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून रडली. तेव्हा कुठं त्यानं चादर उचलून स्वतःकडं बघितलं.

बुलेटचं एवढं का, तर तिच्याशी एक शब्द बांधलेला होता. कडूबाची बहीण द्वारका चिकलठाण्यात आप्पासाहेबांना दिलेली. तिची एकुलती एक लेक चतुरा. आजीचं नाव ठेवलेलं, आणि नावासारखीच होती. ती अंगणात खेळायच्या वयाची असताना कडूबा तिला टाकीवर बसवून गावभर फिरवायचा. आमच्याकडं नवरीला घरातून मांडवात आणायचा मान मामाचा. तेव्हा कडूबानं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं की, चतुराला मांडवात आणीन तर ह्याच गाडीवर. पोरगी मोठी झाली तरी दर दिवाळीला आठवण करून द्यायची, मामा, गाडी पुसून ठेवा.

आणि आता तिचं लग्न ठरलं होतं. माघातली तारीख धरली होती.

कुबडी घेऊन बाजेवर बसून राहणं कडूबाला मानवणारं नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस 'जपून' म्हणायचा. ह्या एका शब्दानं त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाय गेल्यावर जपून काय उपयोग, जपायला पाहिजे होतं त्या टँकरवाल्यानं, असं तो ओरडायचा, आणि माणूस चहा न घेताच उठायचा. शेवटी त्यानं बुलेट टेम्पोत घालून चिकलठाण्याच्या फकिरा मिस्त्रीकडं नेली. फकिरा वेल्डिंगवाला, अपंगांच्या गाड्यांना मागं दोन चाकं बसवून द्यायचा. बुलेट जुनी, गेअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. फकिरानं ब्रेक हातावर घेतला, मागं आडवा दांडा टाकून दोन चाकं बसवली. एक अडचण तेवढी सांगितली. मोटारसायकलला मागं जायचा गेअर नसतो. दोन चाकांवर असताना माणूस पायानं ढकलत गाडी मागं घेतो, आता ही जड झाली आणि पाय एकच. तर मागच्या गेअरचा डबा बसवून देऊ का?

"मला मागं जायचंच नाय," कडूबा म्हणाला. "तू पुढचं बघ."

पुढचंच जड गेलं. वसाहतीतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे असतात, तिथं फकिरा त्याला घेऊन गेला. कडूबा ऐटीत बसला, किक उजव्या पायानं मारली, आणि गाडी सुटली. सरळ होती तोवर ठीक. वळण आलं, कडूबानं आयुष्यभर करत आला तसं अंग डावीकडं टाकलं, आणि गाडी ढिम्म वळली नाही. सरळ जाऊन बाभळीच्या झुडपात शिरली. काटे काढता काढता त्यानं फकिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फकिरा शांतपणे सांगत राहिला की अंग टाकायचं नाही, हँडल वळवायचं. कडूबाला हे पटेना. अरे, मोटारसायकल काय हातानं चालवतात का? ती कमरेनं चालवतात. माणूस झुकला की ती झुकते, इतकी वर्षं झुकत आली. आता हिला झालंय काय?

दुसरी खोड त्याहून वाईट. गाडी थांबायला आली की त्याचा पाय आपोआप जमिनीवर टेकायला जायचा. डावा तर नव्हता, म्हणून उजवा जायचा, आणि मागचं चाक बरोबर त्याच्यामागून यायचं. एकदा टाच चाकाखाली येता येता राहिली, चपलेचा अंगठा तुटला. फकिराचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला की ही गाडी आपली आपण उभी राहते, तुम्ही तिला टेकू द्यायचा नाही. ह्यावर कडूबा इतका भडकला की चार दिवस गाडीकडं फिरकला नाही. आपल्या मांडीच्या जोरावर उभी राहणारी बुलेट होती ती. सगळ्या शेंद्र्यात तिला एका झटक्यात स्टँडवर घेणारा तो एकटा. आणि आता तिला त्याची गरजच नाही. ह्याचं दुःख त्याला पायाच्या दुःखाएवढं होतं, फक्त ते सांगायची लाज वाटायची, म्हणून तो शिव्या द्यायचा.

सरूबाईनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, "तुम्ही तिला मोटारसायकल म्हणता तिथंच चुकतं. अवो, बैलगाडी हाकताना कधी कंबर टाकता का? कासरा वढता. तसं बसा."

बुलेटला बैलगाडी म्हणणारी बायको पदरात पडली, म्हणून कडूबानं ताट सरकवलं. पण दुपारी गुपचूप गाडी काढून वसाहतीत गेला. ताठ बसला, वळण आलं तसा डावा हात ओढला, उजवा सैल सोडला, आणि गाडी मुकाट्यानं वळली. कडूबा तिथल्या तिथं पुन्हा वळला, पुन्हा वळला, गेटवरचे लोक बघायला लागले. घरी येऊन बायकोला त्यानं काही सांगितलं नाही, भाकरी मात्र मागून घेतली.

मग आली गुलमंडी, शहरातली कापडबाजाराची पेठ. नवरीची पिवळी साडी मामाकडून जाते, ती स्वतः घ्यायची म्हणून कडूबा तीनचाकी घेऊन शहरात गेला. साडी घेतली. परत येताना जवळची वाट म्हणून एका बोळात शिरला, आणि समोर कापडाच्या गाठींची हातगाडी आडवी. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. मागं गर्दी साचली. तेवढ्यात एक म्हातारी मागच्या सीटवर पिशवी ठेवून बसली आणि शहागंजचे किती घेणार म्हणून विचारू लागली. कडूबानं ही रिक्षा नाही म्हणून आवाज चढवला, तर ती उलट त्यालाच बोलली. शेवटी चार हमाल आले. त्यांनी कडूबाला विचारलंसुद्धा नाही. "चचा को बैठे रहने दो," म्हणत गाडी त्याच्यासकट उचलली आणि तोंड फिरवून ठेवली. लोक हसले नाहीत. कुणी 'बिचारा' म्हणालं. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. घरी येईपर्यंत तो दातओठ खात होता, आणि त्या रात्री जेवला नाही.

ही गोष्ट चिकलठाण्यात पोचायला वेळ लागला नाही. आप्पासाहेबांची जमीन वसाहतीत गेल्यापासून त्यांचं बोलणं मऊ आणि वागणं मोठं झालं होतं. त्यांनी फोन करून कडूबाला सांगितलं की तुम्ही फक्त मांडवात या, पहिल्या रांगेत खुर्ची टाकलीय, त्रास करून घेऊ नका. नवरीला आणायचं काय, असं कडूबानं विचारलं. ते बघू ऐनवेळी, असं म्हणून दाजींनी फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी कडूबानं बुलेटला झेंडूची माळ घातली. सरूबाई मागं बसली, कुबडी बाजूला बांधली. मारुतीच्या देवळासमोर मांडव होता, आप्पासाहेबांचं घर तिथून एका लांब बोळाच्या टोकाला. मांडवाच्या दारातच आप्पासाहेबांनी हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलं. सरबत आलं. दोन पोरं पंखा फिरवून त्याच्याकडं करून गेली. कडूबा वाट बघत राहिला की आता बोलावणं येईल. भटजींनी लाउडस्पीकरवर पुकारा केला की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कडूबा उठला. शेजारचा म्हणाला, बसा बसा, बद्रीनाथ मामा गेलेत गाडी घेऊन. बद्रीनाथ म्हणजे कडूबा-द्वारकेचा चुलतभाऊ, ठेकेदार. फुलांनी मढवलेली मोठी गाडी त्याचीच.

कडूबानं सरबताचा ग्लास खाली ठेवला. कुबडी टेकत मांडवाबाहेर आला, किक मारली आणि बोळात शिरला.

बोळाच्या मधोमध समोरून ती मोठी गाडी आली. दोन्ही बाजूंना भिंती, माणूस अंग चोरून निघेल एवढीच जागा. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कडूबानं बुलेट बंद केली, किल्ली काढून खिशात टाकली. बद्रीनाथ उतरून हात जोडत आला आणि म्हणाला की तात्या, जरा मागं घ्या, मुहूर्त चाललाय.

"हिला मागं जाता येत नाय," कडूबा म्हणाला. "तुझ्या गाडीला येतं."

मागून आप्पासाहेब धावत आले. त्यांनी मांडवातल्या चार तरण्या माणसांना हाक मारली आणि तीनचाकी उचलून देवळाकडं फिरवून ठेवायला सांगितलं. माणसं आली, त्यांनी चाकांना हात घातले. गाडी एका बाजूनं वर झाली. कडूबाला गुलमंडीतले ते चार हमाल आठवले. त्यानं कुबडी सोडवून हातात घेतली. त्या दिवशी तिथं रक्त सांडलं असतं, ह्यात शंका नाही.

तेवढ्यात मोठ्या गाडीचं मागचं दार भिंतीला घासत उघडलं आणि त्या फटीतून चतुरा बाहेर आली. अंगावर मामानं घेतलेली पिवळी साडी, मुंडावळ्या गालावर आलेल्या. तिनं चाकावरचे हात एकेक करून बाजूला केले. मग मामासमोर उभी राहिली.

"मला सांगितलं, तुम्हीच नको म्हणाला. मामाला आता जमत नाय म्हणून."

"कोण म्हणालं?"

चतुरानं वडलांकडं बघितलं. आप्पासाहेब मुंडासं सारखं करू लागले. कडूबा आयुष्यभर जेवढा ओरडला होता त्याच्या दुप्पट ओरडायचा हक्क त्याला त्या घडीला होता. पण तो ओरडला नाही. त्यानं सीटवरची धूळ हातानं पुसली. चतुरा मागं बसली.

आता पंचाईत अशी की तीनचाकीचं तोंड घराकडं आणि मांडव पाठीमागं. बोळात ती फिरणार नाही. म्हणून ती फुलांची मोठी गाडी बोळभर मागं मागं गेली, ड्रायव्हर मान वळवून घामाघूम, आणि तिच्या नाकाला नाक लावून कडूबाची बुलेट पुढं पुढं. घराशी फाटक अर्धं लोटलेलं होतं.

"दाजी," कडूबा म्हणाला, "फाटक धरा."

आप्पासाहेबांनी भिंतीकडेनं अंग चोरत पुढं होऊन फाटक धरलं. मोठी गाडी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. राहिलेल्या जागेत कडूबा ताठ बसला, कासरा ओढावा तसा हात ओढला, आणि तुळशीला वळसा घालून गाडी एका दमात फिरवली. अंग तसूभर हललं नाही. मागं चतुरानं त्याचा खांदा घट्ट धरला होता.

मांडवासमोर त्यानं ब्रेक दाबला. उजवा पाय जागचा हलला नाही. गाडी आपली आपण उभी राहिली. चतुरा उतरली, पण पुढं गेली नाही. तिनं कुबडी उचलून त्याच्या हातात दिली आणि थांबली. मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत बरंच चालायचं होतं. अंतरपाट धरून दोघं केव्हाचे उभे होते. भटजी माइकमध्ये घाई करत होते की वेळ टळते आहे, मुलीला पुढं पाठवा, मामा येतील मागून.

"मामाशिवाय कसलं लग्न लागतंय," चतुरा म्हणाली, आणि कडूबाच्या कुबडीच्या चालीनं एकेक पाऊल टाकत निघाली.